मात झाली, आता बोला

हरलेल्या क्रिकेटवाल्याला खेळपट्टी असते, दव असतं, पंच असतो आणि यातलं काहीच हाताला लागलं नाही तर नाणेफेक असते. रमीत हरणाऱ्याला पानं असतात. कॅरमवाल्याला पावडर कमी पडते, नाहीतर स्ट्रायकर हलका निघतो. बुद्धिबळात हरलेल्या माणसाची मात्र फार पंचाईत असते. दोघांकडे सोळा-सोळा सोंगट्या, मध्ये चौसष्ट घरं आणि सगळा मामला दोघांच्या डोळ्यांदेखत. पिसायला पत्ते नाहीत, टाकायला फासे नाहीत. हरलात तर स्वतःच्या डोक्याने हरलात, आणि ते डोकं कसं चाललं होतं हे समोरचा पहिल्या चालीपासून बघत होता.

इतका उघडावाघडा पराभव कुणालाच सोसत नाही. म्हणून बुद्धिबळवाल्यांनी नशिबाची ही उणीव पूर्वीपासून तोंडाने भरून काढली आहे. 'ठणठणीत तब्येतीचा माणूस माझ्याकडून अजून हरलेला नाही,' हा या खेळातला फार जुना विनोद. ज्याला ज्याला हरवलं, त्याचं त्या दिवशी डोकं तरी दुखत होतं, दाढ तरी ठणकत होती, नाहीतर रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पॅरिसच्या कॅफे द ला रेजांसमध्ये काय किंवा आपल्याकडे वाड्याच्या ओट्यावर काय, डाव दोघांचा असायचा आणि तोंडं दहाजणांची चालायची.

मग इंटरनेट आलं. समोरचा माणूस दिसेनासा झाला, ओटा गेला, बघे गेले. आता तरी लोक मुकाट्याने खेळतील असं वाटलं होतं. झालं भलतंच. दाढेच्या आणि डोकेदुखीच्या जोडीला नेट आलं, बॅटरी आली, माउस आला आणि मोबाइलवर खेळणाऱ्याला ऐन मोक्याच्या क्षणी पडद्यावरून खाली उतरणारा गॅसबुकिंगचा मेसेज आला. आपण ठरवलेल्या घराच्या शेजारच्याच घरात सोंगटी पडली की त्याला 'माउस स्लिप' म्हणतात. हा माउस कायम वाईट घरातच घसरतो. 'माझा माउस घसरला आणि म्हणून सुंदर चाल झाली,' असं कबूल करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

हे सगळं मी ज्या गटात बसून बघतो, तो मराठी बोलणाऱ्यांचा आहे. दर रविवारी रात्री साडेनऊला आम्ही लीचेसवर आपापसात स्पर्धा खेळतो आणि ती खेळता खेळताच व्हॉट्सॲपवर एकमेकांची सालं काढतो. लीचेस हे २०१० साली तिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेलं संकेतस्थळ. सगळं फुकट, जाहिरात एकही नाही, चालतं ते लोकांच्या देणग्यांवर. आमच्यातले साताऱ्याचे काका बँकेतून निवृत्त झालेले. फुकट या गोष्टीवर त्यांचा व्यावसायिक अविश्वास आहे. 'यात त्या फ्रेंच माणसाचं काय?' हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा विचारला, की शेवटी न्यू जर्सीच्या इंजिनिअरने त्यांना कळवलं, 'काका, तुम्ही कसे हरता हे बघायला त्याला आवडतं.' काकांचं समाधान झालं. व्यवहार त्यांना पटला.

गटात काका आहेत, सांगलीचा नववीतला एक मुलगा आहे, नागपूरच्या डॉक्टरीणबाई आहेत आणि ठाण्याचा एक रेटिंगवाला खेळाडू आहे. बाकी पन्नासेकजण येऊनजाऊन असतात. सांगलीच्या मुलाला कुणी हलक्यात घेत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांचं आणि नूतन बुद्धिबळ मंडळाचं ते गाव. तिथल्या पोरांना अडीच घरं आधी कळतात आणि अडीचकी मागाहून, असा आमचा समज आहे. डॉक्टरीणबाई भूलतज्ज्ञ आहेत. समोरच्याला झोपेत ठेवून त्याचा वजीर कधी काढून घेतला हे त्याला डाव संपल्यावरच कळतं. ठाण्याचा खेळाडू बहुतेक वेळा पहिला येतो आणि कधीच काही बोलत नाही. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

लीचेसवर डाव सुरू झाला की बोलण्यासाठी तयार बटणं मिळतात. सुरुवातीला चार : नमस्कार, शुभेच्छा, मजा करा आणि 'तुम्हीही'. शेवटी पाच : छान डाव, छान खेळलात, धन्यवाद, निघतो, बाय. बहुतेक इंग्रजी आद्याक्षरांत. सभ्य माणसांनी सभ्य माणसांसाठी केलेली ही सोय आहे. पण मराठी माणसाच्या हाती पाच सभ्य वाक्यं दिली, तर तो त्यांतून पंचवीस अपमान काढू शकतो. चार चालींत मात करून वर 'छान डाव' दाबणं हा त्यातला पहिली-दुसरीतला धडा. हरणाऱ्याने पुन्हा डाव मागितला की 'निघतो' दाबायचं आणि दुसऱ्याच मिनिटाला तिसऱ्याच माणसाशी खेळताना सापडायचं, हा दहावीचा. 'छान खेळलात' हे तर कोण म्हणतं त्यावर आहे. हरणारा म्हणाला तर दिलदार. जिंकणारा म्हणाला तर 'बरा प्रयत्न होता, या आता.' डॉक्टरीणबाई जिंकल्यावर फक्त 'धन्यवाद' दाबतात. पेशंटने फी दिल्यावर दाबावं तसं.

सगळ्यांत जहाल बटण मात्र बोलण्याचं नाहीच. लीचेसवर स्पर्धेबाहेरच्या डावात तुम्ही समोरच्याच्या घड्याळात पंधरा सेकंद घालू शकता. स्वतःच्या नाही, त्याच्या. कुणाचं नेट अडकलं, कुणाच्या दाराची बेल वाजली, तर माणुसकी म्हणून ही सोय. सांगलीचा मुलगा ती एकाच प्रसंगी वापरतो : समोरच्याचा वजीर गेलेला आहे, राजा कोपऱ्यात अडकलाय, घड्याळात सात सेकंद उरलेत आणि 'वेळ संपली म्हणून हरलो, नाहीतर…' हे वाक्य त्याच्या ओठांवर तयार आहे. तेवढ्यात त्याच्या घड्याळात पंधरा सेकंद जमा होतात. मग पुन्हा पंधरा. पुन्हा पंधरा. काकांना एकदा असा पाऊण मिनिटाचा धनलाभ झाला. त्यानंतर व्हॉट्सॲपवर जे झालं ते असं :

'चिरंजीव, मला भीक नको होती.'

'काका, भीक नाही. तुमची चाल बघायची होती.'

'मग काय पाहिलंस?'

'तुम्ही तेवढ्या वेळात हत्ती पण दिलात.'

'मोकळ्या हाताने परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही.'

हरला कोण, हे पटावर स्पष्ट होतं. या संवादात कोण हरलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गेली काही वर्षं रविवार-रविवार हेच पाहून माझं मत असं झालंय, की बुद्धिबळातली थट्टा हा खेळाच्या बाजूला चाललेला फालतूपणा नाही. हरणाऱ्याला काहीतरी हातात देऊन घरी पाठवायची ती व्यवस्था आहे. पटावरचा गुण जिंकणाऱ्याला मिळतो, शेवटचा शब्द हरणाऱ्याला. नशीब नावाचा भागीदार या खेळात नसल्यामुळे त्याचं काम जिभेला करावं लागतं.

या स्पर्धांचे नियमही तोंडाळपणाला पोषक आहेत. जिंकलात तर दोन गुण, बरोबरीला एक. लागोपाठ दोन डाव जिंकले की नावापुढे ज्वाळा पेटते आणि पुढचा प्रत्येक विजय चार गुणांचा होतो. शिवाय 'बर्सर्क' नावाचं बटण आहे. डावाच्या सुरुवातीला ते दाबलं की आपला वेळ निम्मा होतो आणि जिंकलो तर एक गुण जास्त मिळतो. ही सोय सांगलीच्या मुलासारख्यांसाठी केलेली. ती वापरतात सगळ्यांत जास्त काका. का, असं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, 'वेळ निम्मा करून हरलं की निम्मंच हरल्यासारखं वाटतं.' हे हिशेबात बसत नाही हे बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला काय मी सांगायचं?

नव्या माणसाची परीक्षा 'आँ पासाँ' या नियमाने होते. प्यादं पहिल्या चालीत दोन घरं पुढे गेलं आणि शत्रूच्या प्याद्याच्या शेजारी उभं राहिलं, तर ते जणू एकच घर चाललं असं धरून शत्रू त्याला तिरकं मारू शकतो, तेही लगेचच्या चालीतच. ज्याला हा नियम ठाऊक नसतो त्याला एवढंच दिसतं, की आपलं प्यादं कुणी हात न लावता नाहीसं झालं. मग तो गटात तक्रार घेऊन येतो : ॲप बिघडलंय, समोरचा हॅकर आहे, पैसे परत मिळतील का? जगभरच्या बुद्धिबळवाल्यांत या तक्रारीला ठरलेलं उत्तर आहे. ते म्हणजे 'गूगल कर.' आमच्याकडे काका स्वतः उत्तर देतात, कारण त्यांचा या नियमाला तात्त्विक विरोध आहे. ते जुन्या देशी पद्धतीने शिकलेले. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नसे. 'एक एक घर चाला, कुणी वाटेत मारणार नाही,' असा सल्ला ते नव्या पोरांना देतात. पोरांना तो आयुष्याबद्दलचा वाटतो.

ओपनिंगांची नावं हा तर वेगळाच उद्योग. सिसिलियन, निम्झो-इंडियन, कारो-कान ही पुस्तकी नावं गटात कुणी घेत नाही. काळा काहीही करो, पांढऱ्याने त्याच ठरलेल्या सहा-सात चाली करत बसायच्या, अशी 'लंडन सिस्टिम' नावाची एक पद्धत आहे. आमच्याकडे तिचं नाव वरणभात. 'आज पण वरणभातच का?' 'पोटाला बरं पडतं.' वजीर चुकून फुकट घालवण्याला जगभर 'बोटेझ गँबिट' म्हणतात. अलेक्झांड्रा आणि अँड्रिया बोटेझ या दोघी बहिणी थेट प्रक्षेपणात खेळताना वजीर हरवत, म्हणून त्यांच्या चाहत्यांनी ते नाव दिलं आणि बहिणींनी ते मिरवलं. स्वतःच्या घोडचुकीला स्वतःचं नाव लागू देणं हा मोठेपणा कसलेल्या राजकारण्यालाही जमलेला नाही. आमच्याकडे त्याच प्रकाराला वजीरदान म्हणतात. दानाचं पुण्य मिळतं, गुण मिळत नाही.

आणि राजा दुसऱ्याच चालीला घराबाहेर काढायचा, या अचाट ओपनिंगला 'बाँगक्लाउड' म्हणतात. प्यादं ई-४, मग राजा ई-२. कुठल्याही शिकवणीत असं केलं तर मास्तर घरी फोन करतील. हा इंटरनेटवरच्या टवाळांचा विनोद होता. मार्च २०२१मध्ये मॅग्नस कार्लसन आणि हिकारू नाकामुरा हे दोघे एका मोठ्या ऑनलाइन स्पर्धेत समोरासमोर आले. दोघेही पुढच्या फेरीत आधीच पोचलेले, त्यामुळे डावावर काही अवलंबून नव्हतं. जगज्जेत्या कार्लसनने राजा बाहेर काढला. नाकामुराने हसत हसत आपलाही काढला. मग दोघांनी आत घेतले, पुन्हा बाहेर, पुन्हा आत आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यावर सहा चालींत डाव बरोबरीत सुटला. जगभर यावर गदारोळ झाला : खेळाची थट्टा, प्रेक्षकांचा अपमान वगैरे. आमच्याकडे तो डाव बघून डॉक्टरीणबाईंनी दोनच शब्द लिहिले, 'तळ्यात, मळ्यात.' तेव्हापासून गटात या ओपनिंगचं तेच नाव आहे. कार्लसनला ते कुणीतरी कळवायला हवं.

रेटिंग हा विषय निघाला की एरवी समजूतदार असलेली माणसंही बिघडतात. ही पद्धत अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने बसवली आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने ती १९७०मध्ये स्वीकारली. माणसाच्या खेळाचा अंदाज एका आकड्यात बांधायचा, एवढाच त्या भल्या गृहस्थाचा हेतू. तो आकडा लग्नाच्या बायोडेटात जाईल असं त्याला वाटलं नसणार. कार्लसनचा आजवरचा उच्चांक २८८२. आमच्यातल्या बहुतेकांचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो. पण इथे एक पळवाट आहे. लीचेसची मोजण्याची पद्धत वेगळी, तिथे नवा माणूस थेट १५००वर सुरू होतो. त्यामुळे त्याच माणसाचा तिथला आकडा बहुधा चेस डॉट कॉम या दुसऱ्या संकेतस्थळावरच्या आकड्यापेक्षा गुटगुटीत असतो. साहजिकच ओळख करून देताना माणूस लीचेसचं रेटिंग सांगतो आणि समोरच्याचं विचारताना चेस डॉट कॉमचं विचारतो. न्यू जर्सीचा इंजिनिअर म्हणतो, पगार डॉलरमध्ये सांगायचा आणि खर्च रुपयांत, त्यातलाच हा प्रकार. त्याला तो प्रकार आतून माहीत आहे.

चेस डॉट कॉमवर मार्टिन नावाचा एक संगणकी खेळाडू आहे. रेटिंग २५०. नवशिक्यांना जिंकण्याचा आनंद मिळावा म्हणून त्याला मुद्दाम भोळसट केलेला. वजीर समोर ठेवला तरी तो दुसरीकडे बघतो. जगभर मार्टिनवर विनोद होतात आणि कुणालाही 'आधी मार्टिनशी खेळून ये' असं सांगणं ही शिवी मानली जाते. काकांना ती कुणी दिली, तेव्हा ते म्हणाले, 'परवाच खेळलो. सज्जन माणूस आहे. फार वेळ टिकवलं त्याने.'

हे सगळं मराठीत असं मोकळेपणाने चाललंय, त्यामागे २०२० सालच्या टाळेबंदीचा मोठा हात आहे. त्याआधी आपल्याकडे बुद्धिबळ म्हणजे हुशार मुलांचा, गंभीर पालकांचा आणि सुटीतल्या शिबिरांचा विषय. प्रवीण ठिपसे, अभिजित कुंटे, खाडिलकर भगिनी ही नावं आदराने घेतली जायची, पण आदराने. मोठ्याने हसून नव्हे. मग घरात अडकलेल्या, पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या समय रैना या विनोदी कलाकाराने यूट्यूबवर बुद्धिबळ सुरू केलं. जोडीला मुंबईचा बुद्धिबळपटू सागर शहा आणि नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी. विनोदवीरांची स्पर्धाच भरवली गेली. तिथे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं, की देशातल्या पहिल्या फळीतला खेळाडू समोर बसलेला असताना एक कच्चा गडी त्याला खुशाल टोमणे मारतोय, आणि तो खेळाडू ते ऐकून हसतोय. लाखो पोरांनी त्या दिवसांत बुद्धिबळाची पहिली चाल शिकायच्या आधी पहिला टोमणा शिकला.

विदितचं तर नावही या थट्टेतून सुटलं नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो 'विदित, संतोष गुजराथी' असा नोंदलेला आहे. मधलं नाव वडिलांचं, हे नाशकातल्या कुणालाही न सांगता कळतं. ही भानगड ठाऊक नसलेल्याने ती नोंद वाचली, की पोराच्या डावाचं कौतुक थेट संतोषच्या नावावर जमा. चाहत्यांनी मग ते नाव उचलूनच धरलं. आपल्याकडे वडिलांचं नाव काढणं म्हणतात ते दुसरं काय असतं? आणि विदितने ते खरोखर काढलंही : २०२३मध्ये ग्रँड स्विस जिंकून तो कँडिडेट्स स्पर्धेत पोचला, २०२४मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता.

या मंडळींमुळे 'हँड अँड ब्रेन' हा प्रकार आमच्या गटात रुजला. दोघांची जोडी. एकाने फक्त सोंगटीचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने ती सोंगटी कुठेही हलवायची. कुठली आणि कुठे, हे सांगायची बंदी. डॉक्टरीणबाई मेंदू, काका हात, असा एक डाव झाला. बाई म्हणाल्या, 'घोडा.' एका घोड्याने राजाला शह बसून वजीर मिळत होता. काकांनी दुसरा घोडा उचलून कडेला नेऊन ठेवला.

'काका, तो घोडा का?'

'तुम्ही कुठला ते बोलला नाहीत.'

'बोलायचं नसतंच.'

'मग माझी चूक नाही.'

या खेळावर गट इतका फिदा का आहे, हे मला त्या क्षणी कळलं. बुद्धिबळात शेवटी दोष द्यायला एक माणूस मिळाला होता.

हरणाऱ्यांच्या खालोखाल बोलतात ते बघे. पूर्वीच्या बघ्याला निदान डाव कळावा लागायचा. आता मोठ्या सामन्याच्या पडद्यावर कडेला एक उभी पट्टी असते. पांढरा वर गेला की पांढरा सरस, काळा खाली उतरला की काळा. संगणकाने ठरवलेला हा निकाल बघून अकराशे रेटिंगचा माणूस जगज्जेत्याला 'अरेरे, एवढंही दिसू नये?' असं म्हणू शकतो. १२ डिसेंबर २०२४ची संध्याकाळ आठवा. सिंगापूरमध्ये डिंग लिरेन आणि गुकेश यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा, शेवटचा डाव. गुण समसमान. डाव बरोबरीकडे सरकत होता आणि आमच्या गटात जांभया, चहा आणि दुसऱ्या दिवशीच्या टायब्रेकच्या वेळेची चौकशी चालली होती. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ला नेला. पट्टी एकदम काळी झाली. गटात दोन मिनिटांत इतके संदेश पडले की फोन तापले. 'हत्ती!' 'अरे हत्ती!' 'उंट अडकला!' 'प्याद्यांचा डाव जिंकला!' गुकेशला खुद्द पटावर ते दिसून खात्री पटायला काही क्षण गेले. आमच्या मंडळींना एक सेकंदही लागला नाही. या सगळ्या कल्लोळात काकांचा एकच संदेश होता : 'पट्टी हलली एवढं कळलं. आता काय झालं ते कुणीतरी समजावून सांगा.' त्या संध्याकाळी जगात एवढा प्रामाणिक बघा दुसरा नसेल.

थट्टेला एक कुंपणही आहे, आणि ते फसवणुकीचं. शेजारी बुद्धिबळाचं संगणकी इंजिन उघडून त्याच्या चाली खेळणारे लोक असतात. 'काका, इंजिन लावलंत का?' हे मात्र आमच्यात कौतुक समजलं जातं. काकांना ते एकदाच मिळालं आणि त्यांनी त्याचा स्क्रीनशॉट ठेवलाय. खरा चोर सापडला की लीचेस त्याचं खातं खुणेने डागतं आणि त्याच्याकडून हरलेल्यांना गेलेले रेटिंगचे गुण परत करतं. काकांना असे काही गुण परत आले, तेव्हा प्राप्तिकराचा परतावा मिळाल्यापेक्षा त्यांना जास्त आनंद झाला. तेव्हापासून जो कुणी त्यांना हरवेल तो चोर निघावा, अशी त्यांची माफक अपेक्षा असते.

आता ठाण्याच्या खेळाडूविषयी. तो पहिला येतो आणि गप्प राहतो, याला लोक शिष्टपणा म्हणत. तसं नाही. आमचा अलिखित नियमच आहे, की जिंकणाऱ्याने विनोद करायचा नाही. एक नवा गडी जिंकल्या जिंकल्या 'फारच सोपं होतं' असं लिहून गेला, तर नेहमी वाचाळ असलेला गट पुतळ्यासारखा थंड पडला. तो पुन्हा फिरकला नाही. हरणारा बोलला तर तो विनोद, जिंकणारा तेच बोलला तर माज. त्यामुळे पटाचा तक्ता आणि जिभेचा तक्ता आमच्याकडे बरोबर उलटे लागतात. ठाणेकर पटावर पहिला, जिभेवर शेवटचा. काका खालून दुसरे किंवा तिसरे, आणि जिभेवर निर्विवाद विश्वविजेते. ठाणेकराचा एकही डाव कुणाला आठवत नाही. काकांची वाक्यं लोक घरी सांगतात.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ही व्यवस्था कोसळली. सांगलीच्या मुलाची सहामाही चालू होती. डॉक्टरीणबाईंना तातडीच्या ऑपरेशनला बोलावणं आलं. ठाणेकर गावी गेला होता. अमेरिकेत घड्याळं एक तास मागे गेल्याचं आमची वेळ बघताना लक्षात न राहिल्याने न्यू जर्सीवाला स्पर्धा संपल्यावर उगवला. आणि काका पहिले आले. नावापुढे ज्वाळा, व्यासपीठावर मधल्या उंच पायरीवर त्यांचं नाव, शेजारी चषकाचं चित्र. त्यांनी तो फोटो गटात टाकला आणि खाली काहीच लिहिलं नाही. लिहिणार काय? जिंकले होते. गटाने फुलांची चित्रं पाठवली, 'अभिनंदन, काका' असे एकापाठोपाठ एक दहा-बारा संदेश आले आणि मग सामसूम. हौसिंग सोसायटीच्या गटासारखी अवकळा आली. काकांनी दुसऱ्या दिवशी एक सुप्रभात पाठवून बघितलं. कुणी चावलं नाही.

बुधवारी मुलाची परीक्षा संपली. त्याने फोटो पाहिला आणि लिहिलं, 'अभिनंदन काका! कोण कोण नव्हतं?'

गटात एकदम जीव आला. हसण्याची चित्रं धडाधड पडली. पटावर न उतरताही पोराने डाव घेतला होता. काकांनी नेहमीप्रमाणे लगेच उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळाने एवढंच लिहिलं, 'रविवारी ये. तिथे सांगतो.'

रविवारी तो आला. नऊ चालींत काकांचा वजीर गेला, सोळाव्या चालीला मात झाली आणि मग काका रात्री साडेअकरापर्यंत सांगत होते.